सोंडेत नाणं ठेवण्याआधी

आम्ही बोईसर-तारापूरच्या बचत गटांतल्या बाया. हत्ती दारात आला की आपण हात जोडतो, सोंडेत नाणं ठेवतो. पुण्य लागतं म्हणतो. पण हत्तीला काय मिळतं?

मुंबईची बिजली हत्तीण आयुष्यभर लग्नात मिरवली, रस्त्यावर पैसे मागत फिरली. शेवटी मुलुंडला कोसळली आणि जून २०१३ मध्ये गेली. कोल्हापूरच्या जोतिबाला वाहिलेला सुंदर हत्ती साखळदंडात मार खात होता. कोर्टाच्या आदेशाने २०१४ साली त्याला बंगळुरूजवळच्या बन्नेरघट्टा उद्यानात नेलं, तेव्हा कुठे त्याला इतर हत्तींची सोबत मिळाली.

रानात हत्तिणी गटानेच राहतात. थोरली पाण्याची वाट दाखवते, बाकीच्या मिळून पिल्लं सांभाळतात. डांबरावर पाय भाजत एकटीने फिरणं हे तिचं जिणं नव्हे. ती सोंड उचलते ती अंकुशाच्या धाकाने. त्याला आपण आशीर्वाद समजतो.

माहुतालाही पोट आहे. त्याला काम मिळावं, पण हत्तीच्या हालांवर नको.

आम्ही बैठकीत ठरवलंय: वरातीत, मिरवणुकीत हत्ती आणायचा नाही, हत्तीवर बसायला पोरांना पैसे द्यायचे नाहीत. जखमी हत्ती दिसला तर वनखात्याला १९२६ वर फोन करायचा. तुमच्याही बैठकीत हा विषय घ्या.