लेकराचा श्वास मोजा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दिवाळी सरून कापसाची वेचणी लागली, की आपल्या आर्णीत घरोघरी लेकरांची नाके वाहू लागतात. पहाटे अरुणावतीकाठची थंडी, दुपारचे ऊन, आणि सांजेला चुलीत पऱ्हाटी पेटली म्हणजे घरभर धूर. पडसे हे विषाणूंमुळे येते आणि आठ-दहा दिवसांत बहुधा आपले आपण जाते. वर्षातून पाच-सहा वेळा ते झाले, तरी लेकरू अशक्त आहे असे समजू नये. अंगावरचे दूध तोडू नये. उलट थोडेथोडे पुन्हापुन्हा पाजावे. नाक चोंदले तर मिठाच्या पाण्याचे थेंब पुरतात. वर्षाच्या आतील बाळाला मात्र मध चाटवू नये, मग सासूबाई कितीही आग्रह करोत.

आणि खोकल्याचे औषध? येथे मला जरा कठोर बोलावे लागेल. २०२५ साली शेजारच्या छिंदवाडा जिल्ह्यात साध्या सर्दी-खोकल्यासाठी दिलेल्या एका सिरपमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विष निघाले. वीसहून अधिक मुलांचे मूत्रपिंड निकामी होऊन ती दगावली. त्यांतील कित्येकांना उपचारासाठी आपल्या नागपुरास आणले होते. त्यानंतर केंद्र सरकारने बजावले, की दोन वर्षांखालील मुलांना अशी औषधे देऊच नयेत, आणि पाच वर्षांखालीही सहसा देऊ नयेत. मोठ्या भावाची उरलेली बाटली धाकट्याला पाजण्याची आपली काटकसर येथे कामाची नाही.

मग आईने करावे काय? तिने श्वास मोजावा. पडसे छातीत उतरले, म्हणजे जुन्या बाया ज्याला 'डब्बा' म्हणत तो न्यूमोनिया झाला, की लेकरू भराभर श्वास घेते. १९८८ च्या सुमारास गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी हेच ओळखणे गावच्या आरोग्यसेवकांना आणि दाईंना शिकविले. ज्या दाईंना फार मोजता येत नव्हते, त्यांच्यासाठी मण्यांचे साधन केले: मिनिटाची वाळू गळत असता दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. ज्यांना औषध मिळाले त्या न्यूमोनियाच्या मुलांत शेकडा एकाहूनही कमी दगावली; जेथे ही सोय नव्हती त्या गावांत शेकडा तेरांहून अधिक. हे १९९० साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. अक्षरशत्रू दाईला जे साधले, ते आपल्याला न साधायला काय झाले?

लेकरू शांत असताना, रडत किंवा पीत नसताना, अंगावरचे झबले वर करून पूर्ण एक मिनिट पोटाकडे पाहावे. दोन महिन्यांच्या आत ६० किंवा अधिक, त्यापुढे वर्षापर्यंत ५० किंवा अधिक, आणि पाच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक श्वास भरले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. श्वास घेताना बरगड्यांखाली खळगा पडला, ओठ निळसर झाले, झटके आले, लेकरू पिईना वा जागे होईना, तर मोजतही बसू नये. १०८ ला फोन करून गाडी बोलवावी. दोन महिन्यांच्या आतील बाळाला नुसता ताप आला तरी थांबू नये. वेचणीची मजुरी बुडेल हा विचार मनात येतो, हे मी जाणते. पण न्यूमोनिया संध्याकाळची वाट पाहत नाही. पोट उडते म्हणून चटके देणे तर केवळ क्रूरपणा आहे. मेळघाटात तान्ह्या बाळांना असे डागल्याच्या बातम्या अजूनही वाचाव्या लागतात.

न्यूमोनियापासून जपणारी न्यूमोकोकलची लस २०२१ पासून आपल्याकडे सरकारी लसीकरणात मोफत आहे: दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने. कार्ड काढून पाहा, एखादा डोस राहिलेला असतो. फ्लूची लस सहा महिन्यांनंतर देता येते. तिच्याविषयी डॉक्टरांना विचारावे. चूल पेटलेली असताना बाळाची झोळी तिथून दूर बांधावी, आणि शेतातून आल्यावर हात धुतल्यावाचून कोणीही, आजोबासुद्धा, त्याला घेऊ नये.

सेकंदकाट्याचे घड्याळ त्या टेबलावर ठेवले आहे. ज्यांच्या मांडीवर लेकरे झोपली आहेत त्यांनी पुढे यावे; आपण आताच मोजून पाहू.