वारुळावरची अळंबी आणि आपला दावा

(ग्रामसभेच्या तयारी बैठकीतील बोलणे)

मृगाचे दोन-चार दमदार पाऊस झाले, मधात ऊन पडलं, की आपल्या बाया वारुळाकडं निघतात. या भाजीला कोणी अळंबी म्हणते, कोणी टेकोडे, कोणी सात्या. कोरकूत आपलं वेगळं नाव आहे. आज तिच्याबद्दल दोन गोष्टी बोलू. ओळख आणि हक्क.

आधी ओळख. वाळवी लाकूड-पाला चावून जमिनीखाली मळा करते, त्या मळ्यावर ही बुरशी वाढते. म्हणून काडीनं माती उकरली की दांड्याचं मूळ खोल वाळवीच्या घरापर्यंत गेलेलं दिसते. छत्रीच्या मधोमध टोक असते. खालचे पापुद्रे आधी पांढरे, मग गुलाबीसर. बुडाशी वाटी दिसली किंवा पापुद्रे हिरवट झाले, तर घरी आणू नका. पण एवढ्यावरच निकाल लावू नका. जन्मभर जिनं तोडली त्या बुढीला दाखवा. शंका आली की फेका.

चांदीचं नाणं काळं पडलं नाही, किड्यानं खाल्लं, हळद टाकून उकळलं, यातून काहीच कळत नाही. काही विष सहा-आठ तासांनी चढते. उलट्या-जुलाब थांबले तरी आतून काळीज खराब होत असते. घरी थांबू नका. उरलेली अळंबी सोबत घेऊन दवाखाना गाठा.

वारूळ फोडू नका. वारूळ राहिलं तर पुढच्या पावसात भाजी तिथंच येईल.

आता हक्क. मेळघाटातली काही गावं उठवून खाली अकोट तालुक्यात वसवली. घर मिळालं असेल, ते वारूळ नाही मिळालं. लेकरांना दाखवायला जागाच नसली तर खरी-खोटी ओळखायची नजरही जाते.

२००६ च्या वनहक्क कायद्यानं गौण वनउपजेची मालकी आपल्याला दिली, अभयारण्यातही. त्यात बांबू, मध, लाख, तेंदूपाने, कंदमुळे यांची नावं आहेत, अळंबीचं नाही. उद्या कोणी म्हणेल, यादीत नाही. पण यादी तिथंच संपत नाही. तशाच इतर उपजेलाही जागा ठेवली आहे. ती जागा आपण भरायची.

म्हणून सामूहिक दाव्यात अळंबी नावानिशी लिहा, कोरकू नावासह. कोणत्या नाल्याकाठी, कोणत्या टेकडीवर, कोणत्या महिन्यात, तेही लिहा. पुरावा एक पुरत नाही. दावा साऱ्या गावाचा, म्हणून शेजारगावच्या बुढ्यांचा जबाब लेखी घ्या. अचलपूर तालुक्यातल्या पायविहीरनं सामूहिक हक्क मिळवला, जंगल राखलं, सीताफळ विकलं. ते आपल्यालाही जमते.

या पावसात प्रत्येक गावानं एक दिवस ठरवावा. बुढ्या पुढं, लेकरं मागं, आणि एकाच्या हाती वही. लेकरांची शिकवण होईल, दाव्याचा कागदही तयार होईल.

जोहार!