लावणीचा गौरव आणि तिचे रसिक



या व्यासपीठावर विद्वानांची व्याख्याने होतात हे मला ठाऊक आहे. माझी शाळा सातवीत सुटली. पुढचे जे काही वाचन झाले ते रात्रपाळीच्या मधल्या सुट्टीत आणि युनियनच्या कचेरीतल्या एका कपाटाच्या आधाराने. तेव्हा लावणीचे शास्त्र मी सांगायला बसणार नाही. ते सांगणारी अधिकारी माणसे महाराष्ट्रात आहेत. मी बोलणार आहे ते लावणी ऐकणाऱ्यांविषयी. ही माणसे माझ्या चांगल्या ओळखीची आहेत. तीस वर्षे मी त्यांच्याच नावाने वर्गणीच्या पावत्या फाडत आलो आहे.

२०१२ सालच्या प्रजासत्ताक दिनाच्या तोंडावर पद्म पुरस्कारांची यादी जाहीर झाली आणि तीत वाईच्या यमुनाबाई वाईकर यांचे नाव आले. बाईंचे वय तेव्हा ९६. कोल्हाटी समाजात जन्म, लहानपणापासून पोटासाठी गाणे, आणि पुढे बैठकीच्या लावणीत असा अधिकार की एका जागी बसून, केवळ चेहऱ्याने आणि बोटांनी, एकाच ओळीचे दहा अर्थ उलगडून दाखवावेत. संगीत नाटक अकादमीने त्यांचा गौरव त्यापूर्वीच केला होता. पण अकादमी म्हणजे काय हे आमच्या कामगारांना कुठले ठाऊक! पद्मश्री मात्र सगळ्यांना कळते.

२६ जानेवारीला आमच्या कचेरीपुढे झेंडावंदन असते. एरवी झेंडा वर गेला, गूळ-शेंगदाणे वाटले की माणसे पांगतात. त्या दिवशी कोणी हलेना. वाई, जावळी, कोरेगाव या तालुक्यांतली मंडळी आमच्याकडे पुष्कळ. एकाने पेढे आणले होते; जणू त्याच्या घरातच पुरस्कार आला होता. निवृत्तीला दोन वर्षे उरलेला एक फिटर मोठ्या आवाजात सांगू लागला की त्याने बाईंची बैठक समोर बसून ऐकली आहे. कुठे, कोणत्या साली, ढोलकीवर कोण होते, बाईंनी पुन्हा पुन्हा घेतलेली ओळ कोणती, सगळे त्याला पाठ. त्याच्या शेजारी वीस वर्षे काम केलेला गडी चकित झाला. म्हणाला, "इतक्या वर्षांत कधी बोलला नाहीस?" फिटर जरा थांबला आणि म्हणाला, "आता सांगायला हरकत नाही."

मंडळी, त्या दिवशीच्या आनंदात मला हे एक वाक्य सर्वांत महत्त्वाचे वाटले. मान मिळाला बाईंना, आणि तोंड उघडले रसिकाचे!

याच वाईजवळच्या पसरणीचे शाहीर साबळे. त्यांना १९९८ साली पद्मश्री मिळाली तेव्हा कोणालाही असे थांबून बोलावे लागले नव्हते. पोवाडा घरात चालतो, शाळेत चालतो, सरकारी समारंभात तर हटकून चालतो. लावणीचे तसे नाही. लावणी सर्वांनी ऐकायची आणि कोणी ऐकली म्हणायचे नाही, अशी आपली रीत. जत्रेच्या रात्री डोक्याचा फेटा तोंडावर ओढून तंबूत शिरायचे, पहिल्या रांगेत बसून दौलतजादा करायचा, आणि सकाळी त्याच फडातल्या माणसांना पाणी वरून ओतून द्यायचे. ही माणसे कोण होती? महार, मांग, कोल्हाटी. त्यांची कला हवी, त्यांचा शेजार नको. हा आपल्या रसिकतेचा इतिहास आहे आणि तो फार जुना नाही.

सरकार तरी कुठे वेगळे होते? १९४८ च्या सुमारास मुंबई राज्याने अश्लीलतेच्या कारणावरून तमाशावर बंदी घातली. कलावंतांची चूल विझली. तेव्हा धावाधाव झाली, तमाशा सुधारण्यासाठी समिती नेमली गेली, वग तपासून घ्यायचे ठरले आणि मग खेळ पुन्हा सुरू झाले. त्यानंतर दहा वर्षे पुरी होण्याच्या आत, १९५७ साली, विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. बाई त्याच, ढोलकी तीच, बोर्डही तोच. फिरला तो वरचा शिक्का. शिक्का फिरताच रसिकाचा आवाज मोकळा झाला, याचे मला वाईट वाटत नाही. लाज जाणे ही चांगली गोष्ट आहे, मग ती कोणत्याही निमित्ताने जावो.

स्त्रियांच्या बाबतीत ही गोष्ट निराळ्या वाटेने घडली. त्यांना तंबूत जायला मज्जाव. परंतु रेडिओला कोण अडवणार? सुलोचना चव्हाण यांचा आवाज रेडिओवरून थेट स्वयंपाकघरात शिरला. १९६२ सालच्या 'रंगल्या रात्री अशा' या चित्रपटापासून त्यांच्या लावणीचा बोलबाला झाला. आचार्य अत्र्यांनी त्यांना लावणीसम्राज्ञी म्हटले. बाई गायला उभ्या राहत त्या अंगभर पदर घेऊन. घरोघरच्या बायकांना त्यात मोठा आधार वाटला असला पाहिजे. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात, वयाच्या ८९ व्या वर्षी, त्या गेल्या. त्यांच्या पद्मश्रीची बातमी आली तेव्हा आमच्या वस्तीतल्या एका आजीबाई कणीक मळता मळता म्हणाल्या, "माझ्या सासूला आवडायची नाहीत ही गाणी. ती बाहेर गेली की मी लावायची." म्हणजे इथेही लपवाछपवी होतीच, पण तिची गोडी वेगळी.

आता मी मूळ मुद्द्याकडे येतो. त्या झेंडावंदनाच्या दिवशी आणखी दोन आवाज उठले होते. एक रागाचा: "बाई ९६ वर्षांच्या झाल्यावर आठवण झाली का?" यावर सर्वांनी माना डोलावल्या. राग खरा होता आणि सोपाही होता, कारण तो दिल्लीवर होता. दुसरा आवाज एका शिकाऊ पोराचा. त्याने विचारले, "पैसे किती मिळतात?" सगळे हसले. एकाने तर त्याला गप्प केले; अशा शुभप्रसंगी पैशाचे काय काढतोस! पण मी युनियनचा माणूस. पैशाच्या प्रश्नाला हसायची मला सवय नाही. मी चौकशी केली.

पद्म पुरस्काराबरोबर पैसे मिळत नाहीत. राष्ट्रपतींच्या सहीची सनद आणि पदक मिळते. पेन्शन नाही, रेल्वेची सवलत नाही. इतकेच काय, ती पदवीही नव्हे. नावाच्या मागे किंवा पुढे 'पद्मश्री' लावता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली स्पष्ट केले आहे. आपले रसिक मात्र दुसऱ्याच दिवशी चौकात फलक लावतात आणि त्यावर ते अक्षर सर्वांत मोठे असते. त्यासाठी कोणी कोर्टात जावे असे मी म्हणणार नाही.

कारखान्यात माणूस निवृत्त होतो तेव्हा त्याला शाल-श्रीफळ देतात. साहेब दोन शब्द बोलतात, फोटो निघतो. एका कारखान्यात असाच शालीचा समारंभ झालेल्या कामगाराच्या ग्रॅच्युइटीसाठी आम्ही पुढे चार वर्षे भांडलो. शाल खोटी नव्हती. ती देणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी होते तेही खरे होते. पण शालीच्या घडीत हिशेब नव्हता. लोककलावंताच्या गौरवाची बातमी वाचली की मला ती शाल आठवते.

विठाबाईंचेच पाहा. १९५७ मध्ये राष्ट्रपती पुरस्कार, १९९० मध्ये पुन्हा राष्ट्रपती पुरस्कार. आणि जानेवारी २००२ मध्ये त्या गेल्या तेव्हा इस्पितळाचे बिल भागवायला लोकांच्या देणग्या लागल्या. आता राज्य शासन त्यांच्याच नावाने तमाशाक्षेत्रातील जीवनगौरव पुरस्कार देते.

त्यांची एक कथा महाराष्ट्रभर सांगितली जाते. नऊ महिन्यांची गरोदर बाई बोर्डावर नाचत होती. कळा सुरू झाल्या. पडद्यामागे बाळंतपण झाले, दगडाने नाळ तोडली आणि बाई पुन्हा प्रेक्षकांपुढे उभी राहिली. ही कथा सांगताना रसिकांचा कंठ दाटून येतो. कलेवरची निष्ठा म्हणतात ती हीच, असे सांगतात. मी ही कथा ऐकतो तेव्हा माझ्या मनात रजेचा अर्ज येतो. कारखान्यातल्या बाईला आज पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवड्यांची भरपगारी रजा कायद्याने आहे. विठाबाईंना २६ मिनिटे तरी मिळाली असतील का? आणि त्या उभ्या राहिल्या त्या केवळ निष्ठेपायी? त्या दिवशीची सुपारी बुडाली असती तर फडातल्या किती माणसांचे जेवण बुडाले असते, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक होते?

पण या कथेचा उत्तरार्ध आपण विसरतो. प्रेक्षकांच्या ध्यानात आले की बाई बाळंत होऊन आली आहे, तेव्हा त्यांनीच हात जोडून खेळ थांबवायला लावला, असे सांगतात. थांबवण्याची ताकद कोणाकडे होती हे पाहा. सरकारकडे नव्हे, फडमालकाकडे नव्हे. तिकीट काढून बसलेल्या माणसाकडे होती.

संघटनेचे काम करताना आम्ही पहिला प्रश्न विचारतो, मालक कोण? गिरणीत उत्तर सोपे होते. फडात ते सोपे नाही. मोठ्या फडात शंभर-सव्वाशे माणसे असतात: नाचणाऱ्या, गाणाऱ्या, ढोलकीवाला, हलगीवाला, सोंगाड्या, मावशी, तंबू ठोकणारे, ट्रक चालवणारे, स्वयंपाकी. दसऱ्याच्या सुमारास बाहेर पडायचे ते वैशाखापर्यंत घर नाही. हंगामापूर्वी उचल घ्यायची आणि हंगामभर ती फेडायची. ऊसतोडीवाल्याची आणि यांची चाकोरी एकच. पण फडमालकही बहुधा स्वतः बोर्डावर उभा असतो, आणि तोही सावकाराकडून पैसे काढून ट्रकमध्ये डिझेल घालतो. विठाबाई फडाच्या मालकीणही होत्या आणि फडातल्या सर्वांत जास्त राबणाऱ्याही. मग मोर्चा न्यायचा कोणाच्या दारावर?

माझे उत्तर कडू लागेल. मालक आपण आहोत. नारायणगावात हंगामात फडांच्या राहुट्या पडतात. तिथे जाऊन सुपारी ठरवणारी गावची यात्रा कमिटी हा मालक आहे. घासाघीस करून आकडा खाली आणणारा, खेळ रंगात आला की पहाटेपर्यंत लांबवायला लावणारा आणि पाऊस आला म्हणून निम्मे पैसे कापणारा, तो हाच. बाईला पद्मश्री मिळाली की वेशीवर फलक लावणाराही तोच. दिल्लीने उशीर केला म्हणून रागावताना आपण आपल्या उशिराचे वर्ष कधी मोजत नाही.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली ती नेमकी जत्रांच्या तोंडावर. २०२१ चा चैत्रही तसाच गेला. दोन हंगाम म्हणजे फडाच्या दोन वर्षांच्या भाकरी. काही दानशूर माणसांनी धान्य पोचवले, सरकारकडे अर्ज गेले. राज्याची वृद्ध कलावंतांसाठी मानधनाची योजना आहे, चांगली आहे. पण तिला पुरावे जोडावे लागतात. गाणारीचे नाव फलकावर असते, वर्तमानपत्रात असते. हलगीवाल्याने चाळीस वर्षे हलगी वाजवली याचा पुरावा काय? त्याच्या हाताचे घट्टे अर्जाला टाचता येत नाहीत. इथे रसिक कामाला येऊ शकतो. ज्या फिटरला ढोलकीवर कोण होते ते सालासकट पाठ होते, तो माणूस साक्षीदार आहे. गावोगावच्या यात्रा कमिट्यांच्या जुन्या वह्या म्हणजे कागदोपत्री पुरावा आहे: कोणत्या साली कोणता फड आला, किती दिले.

आपली व्याख्यानमाला आणि जत्रांचा हंगाम एकाच ऋतूत येतात. या सभागृहात आज निदान चार-पाच गावांच्या कमिट्यांचे सभासद बसलेले मला दिसत आहेत. त्यांच्यापाशी माझे मागणे थोडे आहे. सुपारीचा करार कागदावर करा आणि त्यात खेळाचे तास लिहा. पाऊस आला तर किती द्यायचे तेही आधीच लिहा, म्हणजे रात्री दोन वाजता चिखलात उभे राहून वाद नको. बायकांना कपडे बदलायला आडोसा आणि न्हाणीघर द्या. फडासाठी पाण्याचा टँकर सांगा आणि त्याचे पैसे सुपारीतून कापू नका. वहीत फडाच्या नावाबरोबर वाजवणाऱ्यांची नावेही लिहून ठेवा. एक पान पुरते. जुन्या वह्या कोणाच्या माळ्यावर पडल्या असतील तर आमच्या कचेरीत आणून द्या. त्यांच्या नकला काढून, ज्यांचे अर्ज पुराव्याअभावी अडले आहेत त्यांच्या अर्जांना जोडायचे काम आमची पोरे करतील. कचेरी रविवारीही उघडी असते.