ट्रॅक डेसाठी टायर घ्यायचाय? आधी हवा मोजूया

मागच्या भागानंतर आलेल्या मेसेजमध्ये एकच प्रश्न फिरून फिरून आला: "पहिल्यांदा ट्रॅक डेला चाललोय, बाइकला कुठला टायर टाकू?" माझ्या ऑफिसातल्या एका मित्राचाही हाच प्रश्न होता. त्याची ३१० सीसीची बाइक, हप्ते अजून चालू, आणि चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टैला मद्रास इंटरनॅशनल सर्किटवर जायचं ठरलेलं. पुण्याहून बाइक चालवतच जाणार आणि चालवतच परत येणार. दुकानदाराने त्याला सांगितलं की सॉफ्ट कंपाउंडची जोडी टाक, नाहीतर पडशील. महिन्याच्या पगाराचा मोठा लचका जाणार होता, म्हणून तो माझ्याकडे आला.

मी त्याला विचारलं, "तुझ्याकडे प्रेशर गेज आहे?" नव्हता.

आजचा भाग त्यावरच आहे. आपण इंजिनिअर लोक पीव्ही इज इक्वल टू एनआरटी पाठ करून पास झालो आणि विसरलो. ट्रॅकवर ते परत भेटतं. टायरचं आकारमान फारसं बदलत नाही, त्यामुळे आतली हवा तापली की दाब वाढतो. किती? समजा सकाळी ३० अंशांना तुम्ही ३२ पीएसआय भरले. गेज वातावरणाच्या वरचा दाब दाखवतो, म्हणून त्यात १४.७ मिळवा: ४६.७. तापमान केल्विनमध्ये घ्या: ३०३. चार-पाच लॅप मारल्या, आतली हवा ६५ अंशांवर गेली, म्हणजे ३३८. गुणाकार-भागाकार करा, १४.७ परत वजा करा, उत्तर येतं ३७ च्या थोडं वर. (सेल्सिअसमध्येच गुणोत्तर काढलंत तर दाब दुपटीने वाढलेला दिसेल. युनिटचा बग, आपल्या धंद्यात नेहमीचा.) ढोबळ हिशेब लक्षात ठेवा: दर साडेसहा-सात अंशांना १ पीएसआय.

म्हणजे रस्त्यासाठी बरोबर असलेली हवा ट्रॅकवर पाचेक पीएसआय जास्त होऊन बसते. टायर फुगतो, जमिनीला टेकणारा पट्टा लहान होतो, वळणातून बाहेर पडताना थ्रॉटल उघडला की मागचं चाक सरकायला लागतं. आणि माणूस म्हणतो, टायर बेकार आहे, नवीन घ्यायला पाहिजे.

म्हणून ट्रॅकवर हिशेब उलटा करायचा. गरम असताना किती हवी ते आधी ठरवायचं आणि तिथून मागे यायचं. हा गरम आकडा टायर कंपनीच्या तक्त्यात मिळतो, आणि तो टायरच्या मॉडेलप्रमाणे बदलतो, त्यामुळे मित्राच्या बाइकचा आकडा आपल्याला चालेलच असं नाही. माझी बाइक हलकी आहे, त्यावर रोड-स्पोर्ट टायर आहेत. मी गरम असताना ३३ च्या आसपास ठेवतो, त्यासाठी सकाळी २८ ने सुरुवात करतो. सेशन संपवून पिटमध्ये आलो की हेल्मेट काढायच्या आधी गेज लावतो. पाच-दहा मिनिटं गप्पा मारल्यात तर तो आकडा निरुपयोगी. मोबाइलच्या नोट्समध्ये लिहायचं: वेळ, थंड किती, गरम किती.

ही वाढ स्वतःच खूप काही सांगते. थंड आणि गरम यात सात-आठचा फरक येत असेल तर सुरुवातच कमी हवेने झाली असण्याची शक्यता जास्त. कमी हवेत टायरचा सांगाडा जास्त वाकतो, वाकला की तापतो. हँडल जड वाटतं, दिशा बदलताना बाइक चिखलातून ओढल्यासारखी येते. फरक दोन-तीनच असेल, तर हवा जास्त आहे किंवा तुम्ही अजून आरामात चालवताय. दुसऱ्यात काही गैर नाही, पहिल्या दिवशी तसंच चालवावं.

एक गोष्ट इथे सगळ्यांना चकवते. दुपारी जेवून आलात, बाइक उन्हात उभी होती, आणि तुम्ही "थंड" प्रेशर बघितलं. ते थंड नाहीये. चेन्नईचं ऊन काळ्या रबरावर तासभर पडलंय. त्या आकड्यावरून हवा सोडू नका. बाइक सावलीत लावा, सावली नसेल तर चाकांवर कापड टाका.

नायट्रोजनबद्दलही विचारता. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो, आणि तापल्यावर तोही तसाच वाढतो. फायदा असलाच तर तो कोरडा असतो एवढाच. कंप्रेसरच्या हवेत पाणी असेल तर वाफ होऊन दाब जास्त चढतो. पहिल्या ट्रॅक डेला त्यासाठी पळापळ करू नका.

आता टायर. बाजारात तुम्हाला साधारण चार पायऱ्या दिसतील. मिशेलिन रोड ५ सारखे स्पोर्ट-टूरिंग, पिरेली डायाब्लो रोसो ३ सारखे रोड-स्पोर्ट, मग सुपरकोर्सासारखे ट्रॅककडे झुकलेले, आणि शेवटी स्लिक, जे रस्त्यावर चालवायचेच नसतात. जसजसं वर जाल तसतसा टायर जास्त उष्णता मागतो. म्हणूनच रेसवाले टायर वॉर्मर लावून, ८० अंशांच्या आसपास तापवून मग बाहेर पडतात. तुमच्याकडे वॉर्मर नाही, जनरेटर नाही, आणि नवखा असल्यामुळे तुम्ही टायर पुरेसा तापवणारही नाही. तो महागडा सॉफ्ट टायर पहिल्या दोन लॅपमध्ये साध्या टायरपेक्षा कमी पकडेल. ट्रॅक घड्याळाच्या दिशेने फिरणारा असेल तर उजवी वळणं जास्त, म्हणजे टायरची डावी बाजू उशिरा तापते. पहिल्या सेशनमध्ये डाव्या वळणाला पडलेले लोक मी पाहिलेत. बाइक सरळ, हवा बरोबर, रायडरही बरा, रबर थंड.

मित्राला मी रोड-स्पोर्टपर्यंतच थांबायला सांगितलं, तेही जुना टायर खरंच संपला असेल तर. टायरच्या बाजूवर चार आकडी तारीख असते: २३२४ म्हणजे २०२४ चा २३ वा आठवडा. त्याचा टायर दीड वर्षाचा होता, नक्षी शिल्लक होती, कडक झालेला नव्हता. बदलायचं कारणच नव्हतं. नवीन टाकायचाच असेल तर आदल्या दिवशी टाकू नका. नव्या रबराचा वरचा थर निसरडा असतो, शंभरेक किलोमीटर शांतपणे चालवून तो घासू द्या. आणि मागे १५० च्या जागी १६० टाकायचा मोह आवरा. अरुंद रिमवर रुंद टायर चिमटला जातो, त्याचा गोलावा बदलतो, दिसायला भारी आणि वळायला आळशी.

मित्र शेवटी गेज आणि पायाने मारायचा छोटा पंप घेऊन गेला. दिवसभरात त्याने सात वेळा हवा मोजली. तिसऱ्या सेशननंतर त्याचा मेसेज आला: "मागचं चाक आता गप्प बसलंय."

मी लगेच उलट फोन केला, कारण त्याला दुसऱ्या दिवशी पहाटे पुण्याला निघायचं होतं. सामान बांधलेलं, समोर बाराशेच्या आसपास किलोमीटर, आणि टायरमध्ये ट्रॅकची २८ हवा. सकाळी टायर थंड असताना, निघण्याआधी, कंपनीच्या स्टिकरवरचा आकडा भरायचा, सामानासह असेल तो. संध्याकाळी गरम टायरवर ३३ दिसतात म्हणून झोपलात तर पहाटे ते परत २८ झालेले असतात. कमी हवेवर, भरलेल्या बाइकने, हायवेवर तासन् तास चालवलं की तोच सांगाडा वाकत आणि तापत राहतो, आणि इथे धावपट्टीच्या बाजूला वाळूचा खड्डा नसतो, ट्रक असतात. त्याने हॉटेलच्या पार्किंगमध्येच पंप मारला.

तुमचे थंड-गरम आकडे मला पाठवा, बाइक आणि टायरच्या नावासह. पुढच्या भागात ब्रेक पॅड आणि ब्रेक ऑइल. भेटूया.