दातांची ठेवण आणि वेळेचे महत्त्व



‘दुधाचे दात पडणारच, मग त्यांची एवढी काळजी कशाला?’ असे पालक आम्हांस नेहमी विचारतात. दुधाचे २० दात पुढे येणाऱ्या दातांची जागा राखून ठेवतात, हे त्याचे उत्तर. किडीमुळे दुधाची दाढ अकाली काढावी लागली, की शेजारची दाढ पुढे सरकते आणि नव्या दातास वाट उरत नाही. आनुवंशिकता व अंगठा चोखण्याची सवय हीदेखील कारणे होत.

कायमची पहिली दाढ साधारणतः ६ व्या वर्षी येते. याच दाढांच्या परस्परांवरील ठेवणीवरून एडवर्ड अँगल यांनी १८९९ साली या दोषांचे तीन वर्ग केले. ते आजही वापरात आहेत. म्हणून ७ व्या वर्षी एकदा तपासणी अवश्य व्हावी. वरचे दात खालच्या दातांच्या आत बसत असतील, तर वाढत्या वयात ते पुष्कळदा साध्या उपकरणाने सुधारतात. वाढ थांबल्यावर त्यासाठी कधीकधी जबड्याची शस्त्रक्रिया करावी लागते.

तारांचे उपचार बहुधा दीड ते दोन वर्षे चालतात. त्यानंतर रिटेनर वापरला नाही, तर दात पुन्हा सरकू लागतात. प्रवासखर्च आणि बुडणारी मजुरी यांपायी उपचार अर्धवट राहिले, तर सारे श्रम वाया जातात. आपले साहाय्य केवळ तारांसाठी नव्हे, तर मूल अखेरच्या भेटीपर्यंत येत राहावे यासाठी आम्हांस हवे आहे.