थंड पाण्यातील कयाक-मासेमारी आणि अंगावरचा पोशाख

अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्याचा वायव्य किनारा आणि कॅनडातील व्हँकूव्हर बेटाचे दक्षिण टोक यांच्या मधून हुआन दे फुका ही सामुद्रधुनी पूर्वेकडे जाते, आणि पुढे तिच्यापासून प्यूजेट साउंड व सान हुआन बेटांभोवतीचे खोल, चिंचोळे जलमार्ग फुटतात. प्रशांत महासागराच्या खालच्या थरांतील गार पाणी भरती-ओहोटीच्या जोरदार प्रवाहांमुळे येथे सतत वर घुसळले जाते. त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये हवा २४-२५ अंश सेल्सिअसपर्यंत तापली, तरी सामुद्रधुनीच्या मुख्य प्रवाहातील पाणी १० ते १२ अंशांच्या फारसे वर चढत नाही, आणि हिवाळ्यात ते ७-८ अंशांवर येते. कोकण किनाऱ्यावरचा समुद्र ऐन जानेवारीतही २४-२५ अंशांच्या खाली क्वचितच उतरतो, हे ध्यानात घेतले म्हणजे सिअॅटल परिसरात संगणक-व्यवसायाच्या निमित्ताने स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतील एखादा हौशी मासेमार या पाण्याबाबत कोठे फसू शकतो, ते कळते. समुद्र म्हणजे फार तर खवळणारा, पण उबदार, अशी त्याची लहानपणापासूनची समजूत असते.

या भागात सामन, लिंगकॉड आणि रॉकफिश या माशांसाठी कयाकमधून गळ टाकण्याची हौस बरीच रुजली आहे. मासेमारीसाठी वापरली जाणारी कयाक बहुधा वर बसण्याच्या प्रकारची, म्हणजे साडेतीन-चार मीटर लांबीची, वरून बंद आणि आतून पोकळ अशी प्लास्टिकची होडी असते. तिच्या पृष्ठभागावरच्या आसनावर मासेमार उघड्यावरच बसतो, लाटेचे पाणी वर येते आणि होडीला आरपार ठेवलेल्या भोकांतून निघून जाते. या रचनेमुळे होडी उलटली तरी पाण्याने भरत नाही, हा मोठा गुण होय. मात्र उत्तर ध्रुवाकडील मूळच्या कयाकमध्ये वल्हवणाऱ्याच्या कमरेखालच्या भागाला जो आडोसा मिळे, तो येथे नाही. अल्यूशन बेटांवरील उनांगन लोक समुद्री सिंहाच्या किंवा सीलच्या आतड्यांच्या पट्ट्या जोडून जलाभेद्य अंगरखे शिवत, आणि ग्रीनलंडचे इनुइट शिकारी सीलच्या कातड्याचा टोपीसह अंगरखा घालून त्याचा खालचा घेर होडीच्या तोंडाच्या कडेवर घट्ट बांधत. त्यांच्या दृष्टीने पोशाख हा होडीचाच एक भाग होता. आजच्या मासेमाराने होडी उघडी घेतली, त्यामुळे पूर्वी होडी आणि अंगरखा मिळून जे काम करीत, ते आता एकट्या पोशाखावर येऊन पडले आहे.

हे काम नेमके कोणते, हे ठरवण्यासाठी थंड पाण्यात पडलेल्या माणसाच्या शरीरात क्रमाने काय घडते, ते पाहणे आवश्यक आहे. पाणी हवेच्या सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेते, ही गोष्ट सर्वश्रुत आहे, आणि तिच्यामुळेच असा समज पसरला की थंड पाण्यातला माणूस हळूहळू गारठून मरतो. ब्रिटिश नौदलातील वैद्यक फ्रँक गोल्डन आणि पोर्ट्समथ विद्यापीठातील शरीरक्रियाशास्त्रज्ञ माइक टिप्टन यांच्या संशोधनाने या समजाला मोठी दुरुस्ती सुचवली. साधारण १५ अंशांखालच्या पाण्यात अंग एकाएकी बुडाले, की पहिल्या काही सेकंदांतच आपोआप मोठा श्वास आत ओढला जातो, मग धाप लागल्यासारखा अनावर, भराभर श्वास सुरू होतो, आणि नाडी व रक्तदाब एकदम वाढतात. या प्रतिक्रियेला शीताघात म्हणता येईल. तो पहिला श्वास घेतेवेळी तोंड पाण्याखाली असेल, तर पट्टीच्या पोहणाऱ्याचाही तेथेच शेवट होऊ शकतो. शीताघात दोन-तीन मिनिटांत ओसरतो, परंतु त्यानंतर हातापायांतील स्नायू आणि मज्जातंतू गार पडू लागतात, बोटे वाकेनाशी होतात, पोहण्याचे हात आखूड आणि घाईचे पडतात. शरीराचे अंतर्गत तापमान ३५ अंशांखाली जाण्याची अवस्था, म्हणजे हायपोथर्मिया, याच्याही नंतर, बहुधा अर्ध्या तासानंतर येते. कॅनडातील मॅनिटोबा विद्यापीठाचे गॉर्डन गीसब्रेख्ट यांनी हाच क्रम लोकांच्या लक्षात राहावा म्हणून एक-दहा-एक असा मांडला: श्वास ताब्यात आणण्यासाठी एक मिनिट, हातापायांचा उपयोग होतो ती दहा मिनिटे, आणि शुद्ध हरपण्यापूर्वीचा एक तास. विहिरीत किंवा खाडीत पोहायला शिकलेल्या माणसाचे कौशल्य या दहा मिनिटांना फारसे लांबवू शकत नाही. ते काम पोशाखाचे आहे.

मासेमाराची अडचण अशी की तो लांब पल्ल्याच्या वल्हेकऱ्यासारखा सतत श्रम करीत नसतो. तासन्‌तास एका जागी बसून, गळाच्या दोरीवर लक्ष ठेवून, बोटे उघडी ठेवून तो काम करतो. त्याच्या शरीरात उष्णता कमी निर्माण होते, आणि तोल जाण्याचे क्षण नेमके तो मोठा मासा होडीत ओढत असताना किंवा मागच्या पेटीतले सामान घेण्यासाठी वळलेला असताना येतात, म्हणजे त्याचे मन दुसरीकडे असते तेव्हा. म्हणून पोशाखाची निवड हवेच्या तापमानावरून करणे ही मूळचीच चूक ठरते. वल्हेकऱ्यांमध्ये बराच काळ एक ठोकताळा प्रचलित होता: हवा आणि पाणी यांच्या तापमानांची फॅरनहाइट अंशांतली बेरीज १२० पेक्षा कमी असेल तरच रक्षक पोशाख घालावा. हा ठोकताळा सोपा असल्यामुळेच घातक आहे. हवा ७५ आणि पाणी ५० अंश फॅरनहाइट असेल, तर बेरीज १२५ होते आणि मासेमार सुती सदऱ्यावर निघतो. परंतु ५० अंश फॅरनहाइट म्हणजे १० अंश सेल्सिअस, आणि त्या पाण्याला किनाऱ्यावरचे ऊन ठाऊक नसते. अमेरिकेतील नॅशनल सेंटर फॉर कोल्ड वॉटर सेफ्टी या संस्थेने या बेरजेवर स्पष्ट टीका करून, पोशाख केवळ पाण्याच्या तापमानाकडे पाहूनच निवडावा, असा आग्रह धरला आहे. तो सर्वस्वी योग्य वाटतो.

बाजारात मुख्यतः दोन प्रकारचे पोशाख मिळतात. पहिला वेटसूट. कॅलिफोर्नियातील बर्कली येथील भौतिकशास्त्रज्ञ ह्यू ब्रॅडनर यांनी १९५० च्या दशकाच्या प्रारंभी त्याची कल्पना विकसित केली. तो निओप्रीन या कृत्रिम रबराच्या फेसाळ पत्र्यापासून शिवतात, आणि ऊब टिकते ती त्या पत्र्यात अडकलेल्या वायूच्या असंख्य बुडबुड्यांमुळे. आत शिरलेले पाणी अंगाने तापून ऊब देते, असे सर्रास सांगितले जाते, ते अर्धवट खरे आहे; आतले पाणी जितके कमी आणि जितके स्थिर, तितके बरे, एवढाच त्याचा अर्थ. त्यामुळे वेटसूट अंगाला चिकटून बसणारा हवा. बिनबाह्यांचा, तीन मिलिमीटर जाडीचा वेटसूट वल्हे मारायला सोयीचा असल्याने लोकप्रिय आहे, पण १० अंशांच्या पाण्यात तो अपुरा पडतो. शिवाय मासेमार दिवसभर ओल्या निओप्रीनवर वारा घेत बसतो, बाष्पीभवनाने अंग निवत जाते, आणि वर वाऱ्याला अडवणारे जाकीट नसेल तर पाण्यात न पडताच हुडहुडी भरते. वेटसूटचा एक गुण मात्र मासेमाराच्या विशेष कामाचा आहे: गळाचे टोक किंवा माशाचा काटा लागून त्याला भोक पडले, तरी त्याची ऊब जवळजवळ तितकीच राहते.

दुसरा प्रकार ड्रायसूट, म्हणजे पाणी आतच येऊ न देणारा कोरडा पोशाख. त्याचे कापड जलरोधक असते, मान आणि मनगटे यांवर लेटेक्स रबराच्या घट्ट पट्ट्या असतात, पायांना कापडाचेच किंवा रबराचे मोजे जोडलेले असतात आणि आत शिरण्यासाठी जलाभेद्य चेन असते. चांगल्या प्रतीच्या कापडात सूक्ष्म छिद्रांचा पापुद्रा असतो. बॉब गोर यांनी १९६९ मध्ये पीटीएफई हे प्लास्टिक झटक्याने ताणून जो पदार्थ मिळवला, त्यातून हे तंत्र पुढे आले. पाण्याचा थेंब त्या छिद्रांतून आत येऊ शकत नाही, घामाची वाफ मात्र बाहेर जाते. खारे पाणी आणि माशांचा चिकट बुळबुळीतपणा कापडावर साचला, तर वाफ जाण्याची ही वाट बुजत जाते, म्हणून प्रत्येक वेळी गोड्या पाण्याने धुणे भाग पडते.

ड्रायसूट खरेदी करणाऱ्यांपैकी अनेकांच्या ध्यानात न येणारी बाब ही, की या कापडाला स्वतःची ऊब जवळजवळ नसते. ऊब येते ती आत घातलेल्या कपड्यांतून, आणि तेथे सुती कापड कुचकामी आहे, कारण ओले झाले की त्यातली हवा जाते आणि ते अंगाला गार चिकटते. सह्याद्रीच्या पावसात मेंढ्यांमागे हिंडणारा धनगर भिजूनही घोंगडीखाली तग धरतो, त्याच न्यायाने ड्रायसूटच्या आत पातळ लोकरी किंवा पॉलिएस्टरचा अंगालगतचा थर आणि त्यावर जाड फ्लीसचा थर घालावा लागतो. हे थर पाण्याचे तापमान पाहून कमीजास्त करता येतात, हाच ड्रायसूटचा वेटसूटवरचा खरा वरचष्मा होय. उन्हात उकडू लागले तर हात-तोंड पाण्यात भिजवून किंवा अंगावर पाणी घेऊन निवता येते. उलट थंड पाण्यात पडल्यावर ऊब कोठूनही आणता येत नाही.

ड्रायसूट निकामी होतो तो बहुधा फाटून नव्हे, तर चेन शेवटची दोन बोटे उघडी राहिल्यामुळे. पाण्यात उतरण्यापूर्वी सोबत्याकडून ती पाहून घ्यावी, आणि गुडघाभर पाण्यात उकिडवे बसून मानेची पट्टी बोटाने जरा उघडून आतली जादा हवा बाहेर दाबावी, अशी वहिवाट आहे. लेटेक्स उन्हाने, तेलाने आणि उन्हापासून त्वचा जपण्याच्या मलमांनी खराब होते. हातातले कडे, अंगठी, गळ्यातली साखळी किंवा मंगळसूत्र त्या पट्टीतून हात व डोके घालण्यापूर्वी काढून ठेवणे इष्ट. ते न काढणे हा नवीन पट्टी पहिल्याच दिवशी फाडण्याचा खात्रीचा मार्ग आहे. मासेमारासाठी तीन पदरी कापड, बैठकीवर व गुडघ्यांवर दुहेरी मजबुती, आणि लघवीसाठी स्वतंत्र चेन या तिन्ही गोष्टींवर पैसा खर्च करणे वाजवी आहे. शेवटची गोष्ट हास्यास्पद वाटेल, पण ती नसेल तर माणूस सकाळपासून पाणी पिणेच टाळतो आणि दुपारपर्यंत गळून जातो.

नदीकाठच्या मासेमारांचे छातीपर्यंतचे रबरी पायमोजे, ज्यांना वेडर म्हणतात, ते कयाकमध्येही अनेक जण वापरतात. ते पाण्याने भरले की माणसाला तळाशी ओढतात, हा समज चुकीचा आहे, कारण पाण्यातल्या पाण्याचे वजन जाणवत नाही. खरी अडचण होडीवर पुन्हा चढताना येते. तेव्हा ते सारे पाणी स्वतःबरोबर वर उचलावे लागते, आणि नेमक्या त्याच वेळी हातांतले बळ ओसरत असते. कमरेला आवळपट्टा बांधल्याने पाणी शिरण्याचा वेग कमी होतो, पण थंड पाण्यासाठीचा पोशाख म्हणून वेडरची शिफारस करता येत नाही.

व्हँकूव्हर बेटावरच्या व्हिक्टोरिया विद्यापीठात, म्हणजे या सामुद्रधुनीच्या काठावरच, जॉन हेवर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात थंड पाण्यात शरीर कोठून उष्णता गमावते याचे मोजमाप केले. मान, छातीच्या बाजू आणि जांघा हे भाग सर्वांत उघडे पडतात, असे त्यातून दिसले. गुडघे पोटाशी घेऊन, कोपरे बरगड्यांना टेकवून तरंगण्याची, ऊब राखणारी आसनपद्धत याच कामातून आली. त्या पद्धतीला लाइफ जॅकेट लागते, आणि शीताघाताच्या पहिल्या मिनिटात नाक पाण्यावर ठेवणारेही तेच असते. या अर्थाने लाइफ जॅकेट हा थंडीविरुद्धचा पहिला कपडा मानावा. आसनाच्या पाठीला अडणार नाही असा वरच्या बाजूला फोम असलेला प्रकार मासेमाराला सोयीचा पडतो. हवा भरून फुगणारे जॅकेट येथे गैरसोयीचे, कारण आपोआप फुगणारे लाटांच्या शिंतोड्यांनीही फुगू शकते आणि हाताने ओढून फुगवायचे असेल तर हात चालायला हवेत. शिटी, दोरी कापण्याची सुरी आणि व्हीएचएफ रेडिओ या वस्तू होडीत नव्हे, जॅकेटला अडकवलेल्या असाव्यात, कारण वाऱ्यात उलटलेली होडी माणसापेक्षा वेगाने दूर जाते.

हातांचा प्रश्न पूर्ण सुटलेला नाही. दोन-तीन मिलिमीटर जाडीच्या निओप्रीनच्या हातमोज्यांत वल्हे धरता येते, पण गाठ मारता येत नाही. तर्जनी व अंगठ्याची टोके उघडी ठेवणारे हातमोजे ही एक तडजोड आहे. गार बोटांनी गुंता सोडवत बसण्यापेक्षा दोरी सरळ कापावी, असे अनुभवी मासेमार मानतात. कानात एकदम थंड पाणी गेल्याने भोवळ येऊ शकते, त्यामुळे डोक्याला पातळ निओप्रीनची टोपी असावी. बूट नेहमीपेक्षा एक माप मोठे घ्यावेत, कारण जाड मोज्यांवर बूट आवळला की पायातले रक्ताभिसरण मंदावून पाय अधिकच गारठतात.

नवीन ड्रायसूटची किंमत अनेकदा साध्या कयाकपेक्षा जास्त असते, म्हणून वापरलेला घेण्याकडे कल असतो, आणि त्यात गैर काही नाही. लेटेक्सच्या पट्ट्या बदलता येतात. चेन खराब असेल तर मात्र दुरुस्तीचा खर्च मोठा असतो, म्हणून सौदा करताना प्रथम चेनकडे पाहावे. घेतलेला पोशाख पूर्ण थरांसह घालून, लाइफ जॅकेट आवळून, किनाऱ्याजवळच्या छातीभर पाण्यात सोबत्याच्या देखरेखीखाली दहा मिनिटे राहावे आणि होडीवर स्वतः चढून पाहावे; बाहेर आल्यावर आतला कपडा कोठे ओला झाला आहे, ते चाचपून पाहिले म्हणजे पाणी चेनमधून आले, मनगटातून आले, की शिवणीतून, हे बहुतेक वेळा तेथेच कळते.