पेणचं खोकं, रोह्याचं खोकं

मैत्रिणींनो, पेणच्या कारखान्यात आम्ही दोन गणपती खोक्यांत भरतो, एक डाव्या सोंडेचा, एक उजव्या. रोह्याला खोकं उघडलं, डावी सोंड दिसली, म्हणजे पेणला उजवी. नवल कसलं? भरतानाच ठरलेलं.

सूक्ष्म कणांच्या जोड्याही अशा जुळतात. त्यांचंही आतून आधीच ठरलेलं असावं, असं आइनस्टाईनना वाटे. जॉन बेल यांनी १९६४ साली कसोटी दिली: दोन्हीकडे काय तपासायचं ते ऐनवेळी निवडा. सगळं आधी ठरलेलं असेल, इकडचं तिकडे पोचत नसेल, तर जुळण्याला मर्यादा राहते. प्रयोगांत ती ओलांडली गेली; २०२२चं नोबेल त्यासाठीच.

डेव्हिड बोम यांची १९५२ची मांडणी तरीही टिकली. पण तीत रोह्यातली तपासणी पेणच्या कणाला तत्क्षणी जाणवते! मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या रॉय आणि सिंग यांनी १९९५ साली तिला नवं रूप दिलं. निरोप मात्र यातून धाडता येत नाही. ‘क्वांटम’ लॉकेट विकायला येणाऱ्याला एवढं विचाराच.